शिवलेला खिसा

माझ्या एकाही पँटचा मागचा खिसा उघडा नाही. नांदेडचा माझा शिंपी दर वेळी कुरकुरतो. वापरायचाच नाही तर ठेवायचा कशाला, काढूनच टाकतो की, म्हणतो. मी म्हणतो, ठेव बाबा, पण त्याचं तोंड शिवून टाक. बायकोला हा माझा खुळेपणा वाटतो आणि तिचं काही चुकत नाही. फक्त तो मूळचा माझा नाही. ज्यांचा होता ते मिस्त्री गेले, त्याला आता सोयाबीनचे दोन हंगाम झाले. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणजे मला माझ्याबद्दल थोडं वाईट लिहावं लागणार. ते लिहितो, त्याशिवाय मिस्त्री कळायचे नाहीत.

मिस्त्री म्हणजे जहाजावरचा फिटर. आपल्या लोकांच्या इंजिन रूममध्ये नावं अशीच चालतात. चीफ इंजिनिअर तो बडासाब, आणि मी चौथा इंजिनिअर, म्हणून चारसाब. मी अर्धापूरचा, केळीच्या बागेत वाढलेला. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजात गेल्यावर. मिस्त्री उदगीरच्या पलीकडचे, देवणीच्या वाटेवरच्या, कर्नाटकच्या सीमेलगतच्या एका खेड्यातले. त्यांचे वडील उदगीरच्या मोंढ्यात धान्याच्या पोत्यांची तोंडं शिवायचे. दाभणात सुतळी ओवायची, चार टाके मारायचे, पोतं बंद. मिस्त्री लहानपणी त्यांच्या शेजारी बसून ते शिकले. पुढे ट्रकच्या गॅरेजात, तिथून मुंबईच्या गोदीत आणि गोदीतून जहाजावर गेले, पण दाभण काही त्यांनी सोडलं नाही.

पहिल्या दिवशी मी नवाकोरा बॉयलरसूट, म्हणजे कामाचा अंगभर अखंड पोशाख, घालून ऐटीत खाली उतरलो. हात पुसायची चिंधी मागच्या खिशात खोचलेली. अर्धी आत, अर्धी बाहेर. आम्हा इंजिनवाल्यांची ती शानच असते. वर्कशॉपच्या दारात एक बुटका, रुंद माणूस उभा होता, दोन्ही कानांवर केसांचे झुबके. नमस्कार नाही की चमत्कार नाही, एकदम म्हणाला, "चारसाब, वळा."

मी वळलो. का वळलो देव जाणे. त्यांनी चिंधी उपसून माझ्या हातात दिली आणि उभ्या उभ्या माझ्या खिशाला टाके घालायला सुरुवात केली. माझं डोकं सटकलं. मी साब, ते मिस्त्री, आणि समोर तीन मोटरमन, म्हणजे इंजिनावरचे खलाशी, दात काढून उभे. मी ओरडलो, "अहो, हे काय करायलाव तुम्ही?" तसं दाभण थांबलं. कुठले म्हणून विचारलं. अर्धापूर म्हटल्यावर चेहरा खुलला. मंजी आपलंच माणूस, म्हणाले, आणि उरलेले टाके आणखी घट्ट घातले.

त्या जहाजावर प्रत्येकाचा खिसा शिवलेला होता, बडासाबाचासुद्धा. चिंधी एक तर हातात, नाहीतर बादलीत. तिसरी जागा नाही. का, म्हणून विचारलं तर एकच उत्तर. फिरणाऱ्याला लोंबणारं आवडतं. एवढं बोलून ते कामाला लागायचे.

बाकीही तऱ्हा कमी नव्हत्या. हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर बेअरिंगला टेकवून त्याची मूठ कानात खुपसायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं की हे रुसलंय, ह्याचं पोट बिघडलंय. त्यांच्या घरी देवणी बैलांची जोडी होती. बैलाचं दुखणं चाऱ्याच्या आवाजावरून कळतं, तसंच हे, म्हणायचे. नऊदा बरोबर निघायचं, दहाव्यांदा आम्ही उगीचच बेअरिंग उघडून घाम गाळायचो आणि हे निर्विकार. आता बरं वाटंल त्याला, एवढंच.

पोळ्याच्या दिवशी आम्ही एका बंदरात होतो, इंजिन बंद. मिस्त्रींनी शाफ्टला हळदीचं एक बोट लावलं आणि हात जोडले. शाफ्ट म्हणजे इंजिनापासून जहाजाच्या पंख्यापर्यंत जाणारा पोलादी दांडा. बैलाच्या पोटाएवढा जाड, आणि जहाज चालू असेल तेव्हा सतत फिरता. दापोलीकडचा एक मोटरमन होता, हसरा गडी, त्याने कुठून तरी कागदी फुलांची माळ आणली. निदान आजच्या दिवस घालू, इंजिन बंदच आहे ना, म्हणाला. मिस्त्रींनी माळ हिसकावून बादलीत टाकली. फिरणाऱ्याच्या अंगावर काही बांधायचं न्हाई, बंद असलं तरी न्हाई. सणाच्या दिवशी ते इतके संतापले की सगळे आपापल्या कामाला पांगले.

आणि हाच माणूस तो खेळ चालवायचा.

इंजिन रूमचं जगणं बाहेरच्याला सांगून कळत नाही. महिनोन्‌महिने तोच धडधडाट, तीच उष्णता, ऊन बघायचं तर चार जिने चढून वर यावं लागतं. माणसाला जिवंत असल्याची खात्री हवीशी वाटायला लागते, मग तो काहीही करतो. कुणी तापलेल्या पाइपावर तळहात ठेवून किती आकडे मोजता येतात ते बघतो. कुणी शिडीच्या कठड्यांवरून पाय न टेकता तीन मजले घसरत येतो. ह्या सगळ्यांचा बाप म्हणजे शाफ्ट ओलांडणं. बंदरात जागा मिळेपर्यंत जहाज बाहेर सावकाश फिरत राहतं, तेव्हा शाफ्टही हळू फिरतो. त्याच्यावरची जाळी काढायची आणि ह्या बाजूने त्या बाजूला उडी मारायची. दांडा गुडघ्याहून थोडा वर. उडी काही मोठी नाही. पण शाफ्टचे तुकडे जिथे जोडलेले असतात तिथे बोल्टांची डोकी वर आलेली असतात, आणि ती फिरत असतात.

मला हे कळलं ते अपघातानेच. एका दुपारी टाकीतलं तेल बघायला मी अगदी मागे, तळाला गेलो. तिथे पाचजण उभे. मिस्त्री एका उपड्या डब्यावर बसलेले, जाळीचे सगळे नट त्यांच्या मुठीत. समोर तो दापोलीवाला. मिस्त्री त्याला विचारत होते, झोप झाली का, जेवलास का, घरून फोन आला होता का. आला होता आणि बरं बोलणं झालं, म्हटल्यावर त्यांनी त्याच्या पाठीवरून, कमरेवरून हात फिरवला, बाही ओढून बघितली. मग कानडीत मोजायला लागले. "ओंदु, येरडु, मूरु." मूरुला तो उडाला आणि पलीकडे उतरला. त्या जहाजावर बंगाली, गोवेकर, मालवणी, सगळ्यांना तीनपर्यंत कानडी येत होतं, त्याचं कोडं मला त्या दिवशी उलगडलं.

बक्षीस काय, तर मिस्त्रींच्या बरणीतली चमचाभर शेंगाची चटणी. दुसऱ्या गड्याला त्यांनी परत पाठवलं. त्याचं सकाळी बायकोशी वाजलं होतं. आज तुझं मन हितं न्हाई, म्हणाले. तो चिडून निघून गेला. मग मिस्त्रींनी स्वतः जाळी बसवली, एकेक नट आवळला, हाताने हलवून बघितला.

वर्कशॉपमध्ये गाठून मी त्यांना नको नको ते बोललो. वयाने माझ्या बापाएवढे, पण मी तोंड आवरलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बंद केलेला खेळ थांबत न्हाई, चारसाब. आपण जिथं नसताव तिथं जातो. तुम्हीबी येत जा खाली. दोघं बसू."

मला ते ढोंग वाटलं. खाली जाऊन बसायचं म्हणजे त्यात सामील व्हायचं, आणि माझं तर अख्खं करिअर पुढे पडलेलं. मी सरळ कागदावर सगळं लिहिलं आणि जिने चढून बडासाबाच्या केबिनमध्ये नेऊन दिलं. माझं नाव कुठे येऊ देऊ नका, हे वर सांगितलं. नियमाने बघितलं तर मी चुकलो नव्हतो. आजही मी हेच म्हणेन, आणि म्हणूनच ते इतकी वर्षं सलत राहिलं.

मिस्त्रींना बोलावणं गेलं. कोण कोण खेळतं, ते त्यांनी सांगितलं नाही. खेळ माझा, बाकी कुणी न्हाई, एवढ्यावर अडून राहिले. पुढच्या बंदरात त्यांना उतरवून घरी पाठवलं. जाताना चटणीची बरणी माझ्या टेबलावर ठेवून गेले. मला वाटलं, बिचाऱ्याला काही माहीत नाही. ती चटणी मी खाल्ली नाही, गोवेकरांना देऊन टाकली.

मी शाफ्टजवळ सूचना लावली, लाल अक्षरांत. प्रत्येकाची सही घेतली. आणि आता खरी गोष्ट. त्याच आठवड्यात नवे बॉयलरसूट आले, ते वाटायचं काम माझ्याकडे होतं. मी वाटले. वर्कशॉपचा ड्रॉवर उघडला तर त्यात मिस्त्रींचं दाभण होतं, सुतळी ओवलेली. मी ते बघितलं. आता हा वेडेपणा कोण करत बसणार, असं मनाशी म्हणालो आणि ड्रॉवर बंद केला. सगळे खिसे उघडे राहिले.

तीन आठवड्यांनी, दुपारीच, मी कंट्रोल रूममध्ये असताना आवाज बदलला. धडधडाटात काहीतरी अडकल्यासारखं झालं. मी इंजिन बंद केलं आणि खाली धावलो. पण एवढा जड दांडा लगेच थांबत नाही, आणखी काही फेरे घेतो. तो दापोलीचा मोटरमन होता. शाफ्ट ओलांडताना मागच्या खिशातली चिंधी बोल्टात अडकली आणि पोशाखासकट त्याला ओढून घेऊन गेली. सकाळी घरून फोन आला होता, आईशी भांडण झालं होतं, हे मागाहून कळलं. त्या दिवशी विचारायलाच कुणी नव्हतं. बरोबरचा गडी घाबरून जिन्यावर पळाला होता. दापोलीवाला वाचला, उजवा पाय मांडीपासून गेला. त्याला जहाजावरून उचलून नेईपर्यंत मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो, आणि तो माझीच माफी मागत होता. साब, तुमच्या नोटिशीवर मी सही केली होती, म्हणत होता.

चौकशीत माझं कौतुक झालं. सूचना लावलेली, सह्या घेतलेल्या, कागद चोख. तो प्रवास संपला आणि मी समुद्र सोडला. नांदेडला पंप दुरुस्तीचं वर्कशॉप टाकलं.

मिस्त्रींना भेटायचं, कागद मीच दिला होता हे तोंडावर सांगायचं, हे मी कितीतरी वर्षं पुढे ढकललं. दर दसऱ्याला ठरवायचो आणि दर दिवाळीला म्हणायचो, आता पुढच्या वर्षी. शेवटी एकदा मुखेडमार्गे एस.टी.ने उदगीर गाठलं आणि तिथून जीपने त्यांच्या गावी गेलो. वाटेत प्रत्येक शिवारात सोयाबीनची मळणी चालू, हवेत भुसाच भुसा. गावात शिरल्यावर मिस्त्रींचं घर विचारलं, तर एकाने हसून विचारलं, कोण, खुळा मिस्त्री? घरी कशाला असंल, कुणाच्या तरी मशीनपाशी बसला असंल.

मळणीयंत्र ट्रॅक्टरवर चालतं. ट्रॅक्टरच्या मागून एक दांडा निघतो आणि यंत्रात जातो. सगळा जोर त्या फिरत्या दांड्यातून येतो. त्यावर टोपण असायला हवं, ते अर्ध्या ठिकाणी मोडून पडलेलं असतं. ट्रॅक्टरला वळसा घालायचा कंटाळा म्हणून माणसं दांड्यावरून टांग टाकून जातात. कुणाच्या गळ्यात उपरणं, कुणाचा पदर सुटलेला. पुढचं सांगायला नको.

एका वावरात मला ते दिसले. तसेच बुटके, रुंद, फक्त झुबके पांढरे. दांड्यापासून चार हातांवर उपड्या डब्यावर बसलेले, हातात काठी. बांधावरच्या बाभळीला सगळ्यांची उपरणी आणि टॉवेल टांगलेले. बायकांचे पदर कमरेला खोचून पिनांनी पक्के केलेले. शेतमालकीण साठीची होती. तिला मी विचारलं, हे रोजचं आहे का. ती म्हणाली, "हंगामभर. येडं हाय, पण त्याला बोलावल्याबिगर आम्ही मशीन चालू करत न्हाई." मग जरा खजील होऊन म्हणाली, भाकरी पाठवते तर तशीच परत येते. लोक सावलीला जेवायला गेले की हा दांड्याचे नट बघतो, ग्रीस भरतो, टोपणाला तार बांधतो. जागेवरून उठायचं तर बसायला दुसरं कुणी पाहिजे म्हणतो, आणि बसणार कोण? लोकांना कामं हायेत.

मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी ओळखलं, काठीने बांध दाखवला आणि नजर परत दांड्यावर नेली. मशीन चालू असताना बोलायचं नाही, असा त्याचा अर्थ होता. एस.टी.त मी किती वाक्यं घोकून आलो होतो. दोन तास उन्हात बसून त्यातलं एकही लक्षात राहिलं नाही.

मशीन थांबलं, लोक सावलीला गेले, मिस्त्री ग्रीसचा डबा घेऊन दांड्यापाशी वाकले. मी त्यांच्या पाठीशी बोललो, कारण तोंडाशी बोलायची हिंमत झाली नाही. कागद मीच दिला. नवे सूट मीच वाटले. तुमचं दाभण मला दिसलं होतं आणि मी ड्रॉवर बंद केला. दापोलीच्या पोराचा पाय गेला. सगळं एका दमात बोललो आणि थांबलो. शिव्या खायला मी तयार होतो. खरं सांगायचं तर शिव्याच मिळाव्यात असं वाटत होतं.

मिस्त्रींचा हात थांबला नाही. ग्रीस भरून झाल्यावर म्हणाले, कागद बडासाबनं दावला व्हता, अक्षर तुमचंच व्हतं. पोरगा आता कसा आहे, ते विचारलं. मी सांगितलं, खोटा पाय बसवलाय, गावात मोबाइलचं दुकान आहे, लग्न झालंय, मी अधूनमधून फोन करतो. त्यांनी मान हलवली. पायाचं त्यांना आधीच कळलेलं होतं, पण लग्नाचं नवीन होतं. बरं झालं, म्हणाले, दोनदा.

मग डब्यावर बसले. कागद दिलाव ते चूक न्हाई, म्हणाले. खेळ वाईटच व्हता, मला का कळत नव्हतं? आणि जे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. त्यांच्या पहिल्या जहाजावर त्यांच्याच वयाचा एक जोडीदार होता. तो शाफ्ट ओलांडायचा आणि मिस्त्री बघून हसायचे. एक दिवस तो म्हणाला, थांब, बघ. मिस्त्री म्हणाले, तू मार उडी, मी आलोच. परत येऊन बघितलं तेव्हा शाफ्ट फिरतच होता. जोडीदाराच्या मागच्या खिशात चिंधी होती.

हे सांगताना त्यांचा आवाज हलला नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "मी च्या प्यायला वर गेलतो. तुम्ही कागद द्यायला वर गेलाव. ती दोन्ही लेकरं खाली एकलीच व्हती."

मला रडू आलं. पन्नाशीकडे झुकलेला माणूस मी, बाया-माणसांसमोर बांधावर बसून रडलो. मिस्त्रींनी ना समजूत घातली ना पाठीवर हात ठेवला. माफ केलं असंही म्हणाले नाहीत. ते म्हणाले असते तर मला खरं वाटलं नसतं.

लोक परत आले. ट्रॅक्टरवाला चढून बसला. मिस्त्री उठले, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "वळा."

मी वळलो. ह्या वेळी का ते ठाऊक होतं. त्यांनी मागच्या खिशातला रुमाल काढून बाभळीला टांगला. कनवटीचं दाभण काढून चार टाके घातले, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. मग मला डब्यावर बसवलं आणि काठी हातात दिली. दांड्यावरून नजर काढायची न्हाई, कुणी हाक मारली तरी न्हाई, एवढं बजावलं. ट्रॅक्टर चालू झाला, दांडा फिरायला लागला. त्या आवाजात ते माझ्या कानाशी वाकले.

"बसा, चारसाब. मी जेवून येतो."

मागे बाभळीखाली मालकीणबाईने कुणाला तरी हाक मारून पाणी आणायला सांगितलं. ताटलीचा आवाज आला. मिस्त्रींनी किती भाकरी खाल्ल्या, किती वेळ जेवले, मला माहीत नाही. मी मागे वळून बघितलं नाही.